मालवणी बोलणाऱ्या माणसाला रडू द्या

मराठीत सिनेमे, सिरीयली, वेबसिरीज, पॉडकास्ट लिहिणाऱ्या आणि आता गेम बनवायला निघालेल्या सगळ्या दादा-ताईंनो,

नमस्कार. मी वेंगुर्ल्याची. इथल्या एका काजूच्या कारखान्यात हिशोब बघते. आमच्याकडे सोलायला आणि ग्रेडिंगला पस्तीसेक बायका आहेत, मधल्या टेबलावर एक स्पीकर असतो आणि फोन माझा असल्यामुळे त्याच्यावर काय लावायचं ते मी ठरवते, म्हणजे दिवसाचे सहा-सात तास मी काहीतरी ऐकतच असते, संध्याकाळी घरी आईबरोबर सिरीयल नाहीतर पिक्चर, आणि रात्री धाकटा भाऊ झोपला की त्याचं प्लेस्टेशन माझं. हे एवढ्यासाठी सांगितलं की तुम्ही जे बनवता ते मी खूप बघते, खूप ऐकते, खूप खेळते आणि त्यातलं बरंचसं मला मनापासून आवडतं. ज्याच्यावर जीव नाही त्याला कोण एवढं लांब पत्र लिहिणार.

मुद्दा एकच आहे. तुमच्या गोष्टीत मालवणी बोलणारा माणूस येतो तो हसवायला येतो नाहीतर घाबरवायला येतो. तो घरगडी असतो, रिक्षावाला असतो, दारू पिऊन गजाली मारणारा शेजारी असतो, किंवा मग "थय जाव नको" एवढंच सांगून अंधारात गायब होणारा म्हातारा असतो. त्याला कर्ज नसतं, तो प्रेमात पडत नाही, तो बायकोची माफी मागत नाही, त्याच्या पोरीचं कॉलेज सुटत नाही. आणि गोष्टीत जेव्हा खरंच काहीतरी गंभीर घडतं, कोणाचा तरी बाप जातो, कोणाची तरी जमीन जाते, त्या क्षणी सगळे एकदम स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलायला लागतात, कालपर्यंत माका-तुका करणारी आजीसुद्धा. जणू काही दुःख आमच्या भाषेत होतच नाही.

हे मला आधीपासून खटकायचं पण त्याला शब्द सापडले ते दोन वर्षांपूर्वी. ओळखीतून एक काम आलं होतं, एका ऑडिओ कथेसाठी कोकणातल्या बाईचा आवाज हवा होता. पात्र असं की तिचा मुलगा होडी घेऊन गेलेला परत आलेला नाही आणि ती रोज रात्री दार उघडं ठेवून बसते. संवाद आले ते प्रमाण मराठीत होते, मी म्हटलं मी हे मालवणीत करून पाठवते, ते हो म्हणाले. बाहेर मुसळधार पाऊस, खोलीत आवाज नको म्हणून दोन गोधड्या खिडकीला बांधल्या, पंखा बंद, आणि घामाघूम होऊन मी फोनवर रेकॉर्ड केलं. "दार वाऱ्यान आपटता. तो इलो काय हाक मारतलो, माका म्हायत आसा." एवढंसं वाक्य पण ते मला नीट जमेपर्यंत अकरा टेक झाले. दोन दिवसांनी उत्तर आलं की आवाज छान आहे पण मालवणीमुळे सीन कॉमेडी वाटतोय, तर आईचं साध्या मराठीत करा आणि मालवणी आपण शेजारणीला देऊ, ती जरा फनी आहे.

मी ते काम केलं नाही. पण ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये होतं, आणि एकदा कारखान्यात दुपारी चुकून ते पुढच्या एपिसोडच्या जागी लागलं. मी बंद करायला धावले पण तोपर्यंत तीन वाक्यं होऊन गेली होती. सोलायला बसलेली एक बाई, तिचं नाव सांगत नाही, तिने हातातला गर तसाच धरून खांद्याला डोळे पुसले आणि म्हणाली, जरा बंद कर गो. कोणी हसलं नाही. पस्तीस बायकांत एकीलाही तो सीन कॉमेडी वाटला नाही. मग कॉमेडी कोणाला वाटतोय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल मालवणी आणि विनोद हे समीकरण आम्ही नाही केलं, ते तुमच्याच माणसांनी केलं. बरोबर आहे, आणि ते मी टाळणार नाही. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेलं, आणि त्या नाटकाने आमच्या भाषेला जो मान मिळवून दिला तो कोणी विसरू नये. माझे बाबा सांगतात की त्याआधी मुंबईत गिरणीत, ऑफिसात मालवणी बोलायची लाज वाटायची, नंतर लोक मुद्दाम बोलायला लागले. पण त्या नाटकात काय आहे ते परत बघा ना. गावातली माणसं जीव तोडून एक नाटक उभं करायला बघतायत आणि ते त्यांच्या हातातून निसटत जातंय. हसू येतं ते त्यांच्या धडपडीला. ती माणसं खरी आहेत, त्यांना मान आहे, राग आहे, आपापसातली भांडणं आहेत. पुढच्यांनी त्यातून काय उचललं तर नुसता सूर. माणसं तिथेच राहिली आणि सूर तेवढा मुंबईला गेला.

अजून एक गोष्ट जी मला हल्लीच लक्षात आली. आमच्या दशावतारात पण हे आहेच. जत्रेच्या रात्री देवळासमोर जो दहीकाला म्हणजे दशावताराचा खेळ होतो, त्यात देव, राजा, ऋषी बोलतात ते भारदस्त शुद्ध मराठीत, आणि मालवणी येते ती संकासुराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. लहानपणापासून हे बघत आलो, आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत बघितलं, त्यामुळे कधी प्रश्नच पडला नाही. म्हणजे राजाची भाषा वेगळी आणि आपली वेगळी हे आम्ही स्वतःच शेकडो रात्री शिकलोय. पण दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतो, आणि मी असे नट बघितलेत जे राजाच्या वेषात पोराच्या प्रेताजवळ बसल्यावर हळूच मध्ये एक शब्द मालवणी टाकतात. एकच. आणि सगळा मांडव गप्प होतो. त्या नटांना जे कळतं ते लिहिणाऱ्यांना कळायला हवं.

टीव्हीचं बोलू. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा आमच्याकडे दोन तट पडले होते. कोकणाची बदनामी, अंधश्रद्धा वगैरे बरीच ओरड झाली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मी न चुकता बघायचे, कारण आकेरीतलं ते घर, तो मागचा पडवीचा भाग, ते आवाज, हे सगळं ओळखीचं होतं. आणि अण्णा-शेवंताच्या भागात तर भूत बाजूला राहून माणसांचा हावरटपणाच जास्त दिसला, मला तो सगळ्यात चांगला वाटला. पण भीती घातली की मालवणी चालते, हे त्यातून पक्कं झालं. मग २०१७ मध्ये 'गाव गाता गजाली' आली, ती पूर्ण मालवणीत होती आणि फार गोड होती, आई अजून तिचं नाव काढते. तीही हसवणारीच, पण तिथल्या माणसांवर कोणी हसत नव्हतं, त्यांच्याबरोबर हसत होते. तसं परत फारसं काही झालं नाही.

सिनेमात 'तुंबाड' मी पाच वेळा बघितलाय, २०२४ ला परत थिएटरात लागला तेव्हा पणजीला जाऊन बघितला, आणि तो पाऊस बघून मला वाटलं की कोणीतरी शेवटी आपला पाऊस नीट बघितला. तुंबाड हे गाव खरंच आहे, खेड तालुक्यात, शूटिंग मात्र बरंचसं घाटावर झालं. सिनेमा हिंदीत आहे, तरी कुठेही कोकण विकायला ठेवल्यासारखं वाटत नाही, कारण गोष्ट हावरेपणाची आहे आणि ती शेवटपर्यंत सोडलेली नाही. 'मुंज्या' आला, चालला, मला मजा आली. तोच दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, त्यांनीच २०१३ मध्ये 'नारबाची वाडी' केला होता. मला विचाराल तर मला नारबा जास्त जवळचा. आपली वाडी न सोडणारा म्हातारा, आणि तो मरायची वाट बघणारा खोत. आमच्याकडे प्रत्येक गावात अशी एक तरी केस कोर्टात असते, सातबाऱ्यावर चाळीस नावं आणि घरात एक म्हातारी, आणि हा विषय कोणत्याही भुतापेक्षा जास्त झोप उडवणारा आहे.

'किल्ला' वेगळा. अविनाश अरुणचा हा पहिलाच सिनेमा, २०१४ ला बर्लिनला त्याला मुलांच्या सिनेमांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालं, आपल्याकडे २०१५ च्या जूनमध्ये लागला. बदली होऊन आलेली आई आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा. त्यात समुद्र आहे, पण समुद्र दाखवायचा म्हणून दाखवलेला नाही. आईने तो बघितला आणि बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढंच म्हणाली की ऑफिसात एकटी बाई असली की असंच असतं. 'पिकासो' पण तसाच, २०२१ मध्ये ओटीटीवर आला, दशावतारात काम करणारा बाप आणि चित्रकार पोरगा, प्रसाद ओक अप्रतिम. आणि परवाचा, २०२५ चा 'दशावतार'. दिलीप प्रभावळकर, तेव्हा वय ८१, आणि त्यांचा बाबुली मेस्त्री. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक काका होते, ते शेवटी उठलेच नाहीत, सगळे गेले तरी बसून होते. तिथे मालवणी बोलणारा माणूस गोष्टीचा मालक होता. त्याला राग आला तो मालवणीत आला, त्याचं मन मोडलं ते मालवणीत मोडलं. लोकांनी तो डोक्यावर घेतला ना? म्हणजे लोकांना कळत नाही हे जे तुम्ही दरवेळी मीटिंगमध्ये ऐकता ते खरं नाही.

आणि हे काही आजचं नाही. 'सैराट' २०१६ चा. आर्ची करमाळ्याकडची भाषा बोलते, हिरॉईन बोलते, बुलेट चालवते आणि बोलते, प्रेमात पडते तेव्हा तीच भाषा आणि हैदराबादला एकटी पडते तेव्हाही तीच. शंभर कोटींच्या वर गेलेला तो पहिला मराठी सिनेमा. कोणी म्हणालं का की आर्चीचं कळत नाही, तिला पुणेरी बोलायला लावा? आमच्या वर्गातल्या मुली वेंगुर्ल्यात बसून तिच्यासारखं बोलायच्या. मग 'कांतारा' बघा, ऋषभ शेट्टी केराडी गावचा, त्याने आपल्याच गावात जाऊन शूटिंग केलं आणि किनाऱ्याकडची कन्नड तशीच ठेवली. आम्ही इथे सबटायटल लावून बघितला आणि आम्हाला कुठेच परका वाटला नाही, कारण आमच्याकडे पण राखणदार आहे, अंगात येणारा अवसर आहे, देवाला कौल लावणं आहे. कारवारच्या पलीकडचा माणूस ते एवढ्या इमानाने करतो आणि आपल्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे घालतात ते मागणं, म्हटलं की "व्हय म्हाराजा" करून टाळ्या घ्यायचा सीन. खरं गाऱ्हाणं कधी ऐकलंय का? माझ्या काकांच्या ऑपरेशनआधी आमच्या गावच्या मानकऱ्याने घातलं होतं. त्यात कोणाचं नाव राहू नये म्हणून तो आठवून आठवून एकेकाचं नाव घेत होता, मुंबईत असलेल्यांची पण, आणि काकी हात जोडून प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

एक कोरियन उदाहरण सांगते कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. 'स्क्विड गेम'च्या पहिल्या सीझनमध्ये ती उत्तर कोरियातून पळून आलेली मुलगी आहे ना, ती सगळ्यांशी सोलची भाषा बोलते, पण धाकट्या भावाला भेटायला जाते तेव्हा तिची बोली बदलते. आपल्याला कोरियन येत नाही त्यामुळे पहिल्यांदा कळत नाही, मी हे नंतर कुठेतरी वाचलं आणि तो सीन परत लावला आणि मला सरळ रडू आलं. कारण मी हे रोज करते. बँकेत एक भाषा, घरी फोनवर दुसरी. मुंबईच्या लोकलमध्ये आईचा फोन आला की आवाज खाली करून मालवणीत बोलणारी हजारो पोरं-पोरी आहेत. हा केवढा मोठा सीन आहे, आणि तो मराठीत अजून मला कोणी नीट लिहिलेला दिसला नाही.

लिहायला बसलात तर अजून एक सांगते, कोकण म्हणजे सरसकट मालवणी नाही हो. दापोलीचा माणूस "माका" म्हणणार नाही. रत्नागिरी-संगमेश्वरकडे संगमेश्वरी बोली आहे, तिचा ठेका वेगळाच, रायगडात आगरी, कोळ्यांची वेगळी, किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत त्यांची कोकणी आहे जी ऐकायला इतकी छान आहे. तीन जिल्ह्यांना एकच मालवणी नेसवायची हे गुहागरच्या माणसाला किती लागतं ते एकदा त्याला विचारा. आणि पुण्याच्या वाक्यात जागोजागी माका-तुका पेरलं म्हणजे मालवणी होत नाही, क्रियापदं बदलतात, वाक्याचा शेवट बदलतो, बाईने बाईला "गो" म्हणायची जागा ठरलेली असते. तुम्हाला येत नसेल तर नसेल, त्यात काही कमीपणा नाही, पण संवाद लिहायला तिकडचं एक माणूस घ्या आणि त्याला पैसे द्या. सेटवर आलेल्या एखाद्या लोकल पोराला "हे जरा मालवणीत कर रे" म्हणून चहावर उरकू नका. आणि सबटायटल द्या, मराठी सबटायटल. मल्याळम सिनेमा आपण सगळे सबटायटलवर बघतो, 'कुंबळंगी नाइट्स' माझ्या आईने बघितलाय आणि तिला ते घर, ती खाडी, चार भावांची ती भांडणं सगळं कळलं, तर विदर्भातल्या बाईला मालवणी का नाही कळणार.

पॉडकास्टवाल्यांना वेगळं सांगायचंय. मराठीत तुम्ही फार चांगलं काम करताय. 'अमुक तमुक'सारख्यांमुळे तास-दीड तास बसून मराठी गप्पा ऐकायची सवय लागली, आमच्या कारखान्यात तर बायका विचारतात आज कोण येणारे. पण येणारी माणसं सगळी पुण्या-मुंबईची, आणि विषय पण तिथलेच, करिअर, नाती, थेरपी. हे विषय आम्हालाही आहेत. आमच्या दोन नंबरच्या टेबलावर एक बाई आहे जिचा नवरा आखातात आठ वर्षं होता आणि परत आल्यावर त्यांना एकमेकांशी काय बोलायचं तेच कळेना, तिला तुम्ही नात्यांच्या एपिसोडला का बोलवत नाही? आणि मागे एका कार्यक्रमात आमच्याकडचे एक लोककलाकार आले होते, कार्यक्रमाचं नाव घेत नाही, ते बिचारे मालवणीत काही बोलले की प्रश्न विचारणारे दोघं हसायचे, प्रेमानेच हसत असतील, पण तिसऱ्या वेळेनंतर त्या माणसाने भाषा बदलली. पुढचा पाऊण तास ते अडखळत प्रमाण मराठी बोलले. कारखान्यात आम्ही सगळ्या ऐकत होतो आणि मला इतकं वाईट वाटलं, कारण ज्या माणसाला रात्रभर संहितेशिवाय बोलता येतं त्याला तुम्ही शब्द शोधायला लावलेत.

बाहेरचे क्राइम पॉडकास्ट मी खूप ऐकते, दहा-दहा भाग एका घटनेवर, एकेका साक्षीदाराचा आवाज. आपल्याकडे तसं करायला काय कमी आहे का? २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. मी शाळेत होते, दिवाळी होऊन गेली होती, मासेमारीचा ऐन हंगाम, होड्या बाहेर होत्या आणि किती जण परत आलेच नाहीत. त्या रात्री किनाऱ्यावर उभे असलेले लोक अजून आहेत. त्यांचा आवाज कोणी रेकॉर्ड केलाय? रापणकर आणि पर्ससीनवाले यांचं भांडण मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर किती वर्षं चाललंय, एका बाजूला चाळीस-पन्नास माणसं मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढणारी आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाच्या मोठ्या होड्या, आणि दोन्हीकडे एकमेकांचे नातेवाईक. हा आठ भागांचा पॉडकास्ट आहे. फक्त तो तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या तोंडून ऐकवा, मध्ये निवेदक घालून त्याचं भाषांतर करू नका. माझे आजोबा रोज रेडिओवर रत्नागिरी केंद्र लावून बसायचे, आवाज खरखरत असला तरी, कारण तिथे कधीतरी आपल्यासारखं बोलणारा माणूस लागायचा. तेवढ्यासाठी माणूस खरखर ऐकतो.

आता गेम, आणि इथे मला थोडं जास्त बोलू द्या कारण हे सगळ्यात कमी बोललं जातं.

'असॅसिन्स क्रीड ब्लॅक फ्लॅग' मी तीनदा पूर्ण केलाय. २०१३ चा गेम, कॅरिबियन समुद्र, चाचे, आणि जहाजावरचे खलाशी गाणी म्हणतात. ती गाणी जमवत फिरायचं असतं, आणि एकदा मिळालं की वाटेत तुमचे खलाशी ते गाणं म्हणायला लागतात, रात्री समुद्रात चांदणं आणि ते गाणं, मी काहीही मिशन न करता नुसतं जहाज फिरवत बसायचे. त्याची गोष्ट १७१५ ते १७२२ च्या काळातली आहे. एक दिवस भाऊ सहज म्हणाला की तेव्हा आपल्याकडे कोण होतं. आणि मी अक्षरशः उठून बसले. तेव्हा आपल्याकडे कान्होजी आंग्रे होते! त्याच वर्षांत! १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हरून गेले. त्याआधी विजयदुर्गावर केलेला हल्लाही फसला होता. इंग्रजांच्या कागदांत ते त्यांना चाचाच म्हणतात, म्हणजे गेमच्या हिरोला जे नाव तेच, फक्त आमचा माणूस मराठ्यांचा सरखेल म्हणजे आरमारप्रमुख होता.

आणि गेम म्हणून ते किती भारी आहे बघा. आंग्र्यांच्या गुराबा म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, रुंद आणि पाण्यात कमी बुडणारी, तोफा पुढे नाळेवर. गलबतं छोटी, चाळीस-पन्नास वल्ही, वारा पडला की गलबतं गुराबेला ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला नेणार. इंग्रजांचं मोठं जहाज खोल पाण्यात राक्षस, पण खाडीच्या तोंडाशी आलं की रुतायची भीती. म्हणजे खेळणाऱ्याला भरती-ओहोटी बघावी लागेल, आज उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची छोटी हे बघावं लागेल, पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा पकडून खाडीतून बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. हे सगळं आमच्या इथल्या तांडेलाला आजही पाठ असतं, पुस्तक नको. आणि खलाशी गाबीत, कोळी, भंडारी, मुसलमान, प्रत्येकाची बोली वेगळी, आणि त्यांनी आपापल्या बोलीत ओरडायला पाहिजे. नुसतं "हर हर महादेव" रेकॉर्ड करून भागणार नाही.

बोलीने गेम बनतो यावर विश्वास नसेल तर 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' खेळा. २०१८, लुकास पोप या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, ६० माणसं, आणि तुम्हाला शोधायचं की कोण कोण होतं आणि कोणाचं काय झालं. त्यात माणूस ओळखायचा एक मार्ग म्हणजे तो कुठल्या भाषेत बोलतो, त्याचा हेल कसा आहे. काळा-पांढरा गेम, ठिपक्याठिपक्यांची चित्रं, पण मी हेडफोन लावून एकेक वाक्य वीस-वीस वेळा ऐकलंय. त्यात भारतातले खलाशी पण आहेत. त्या काळात कंपनीच्या जहाजांवर जे लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी असायचे त्यातले कितीतरी आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे होते. मी तो गेम संपवला आणि मला वाटलं, एवढा लांबचा माणूस आमच्या आवाजाला पुरावा समजतो आणि आमच्या जवळची माणसं त्याला टाइमपास समजतात.

'घोस्ट ऑफ सुशिमा' तर अमेरिकन स्टुडिओने केला. जपानचं बेट, तेराव्या शतकातलं. त्यांनी इतक्या आदराने केलं की २०२१ मध्ये त्या बेटाने गेम बनवणाऱ्या दोघांना पर्यटनाचे दूत केलं, आणि तिथल्या एका देवळाची कमान वादळात पडली तेव्हा जगभरच्या खेळणाऱ्यांनी पैसे पाठवले. आमची किती देवळं, किती धक्के, किती गढ्या पडतायत. 'वेंबा' छोटासा आहे, दोन तासांत संपतो, कॅनडातलं एक तमिळ घर, आईची जुनी रेसिपीची वही, आणि मुलाला ती वाचायला तमिळ धड येत नाही. मी तो खेळून उठले आणि आजीच्या हाताच्या खापरोळ्यांचं माप लिहून घ्यायला गेले, आजीला माप सांगताच येईना, ती म्हणाली "हाताक कळता". मी तेवढंच लिहून घेतलंय. पुण्यात 'राजी' करणारी पोरं आहेत, म्हणजे बनवणारे हात आपल्याकडे आहेत, हे कोणीतरी मनावर घ्यायला पाहिजे.

एवढं सगळं वाचून तुमच्यापैकी एकाला जरी यावंसं वाटलं तर पावसात या. मे महिन्यात नको, तेव्हा सगळे आंबा-काजूत आणि पाहुण्यांत अडकलेले असतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, माणसं जाळी विणत पडवीत बसलेली असतात आणि बोलायला वेळ असतो. लाईट जाईल, रेकॉर्डरचा सेल चार्ज करून आणा. ड्रोन आणू नका. आमच्या कारखान्यात आलात तर मालकाला मी सांगून ठेवीन, दुपारी एकच्या सुट्टीत बायका डबे उघडतात तेव्हा या. त्या पहिल्यांदा तुम्हाला "कोणाचो रे तू" नाहीतर "कोणाची गो तू" विचारतील, गाव सांगा, आईचं माहेर सांगा, कोणीतरी ओळखीचं निघेलच, मग ताटलीत काहीतरी वाढतील. त्यानंतर खांद्याला डोळे पुसणारी ती बाई कुठे बसते ते मी तुम्हाला दाखवीन. तिच्या मनात असेल तर ती सांगेल.

तुमची,
वेंगुर्ल्याची एक प्रेक्षक